धामण दूध का पिऊ शकत नाही : पक्षी, सरपटणारे प्राणी आणि बेडूक यांच्या चेहऱ्यांची रचना

मराठवाड्यात गुरे पाळणाऱ्या घरांतून एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सकाळी धार काढायला बसावे तर गाय नेहमीपेक्षा कमी दूध देते, मागच्या पायांवर वळ दिसतात, आणि घरातले जाणते माणूस सांगते की रात्री धामणीने पायांना विळखा घातला, सड तोंडात धरला आणि दूध पिऊन गेली. परभणीकडे आमच्या आजोळच्या शेतातल्या आखाड्यावर ही हकिकत मी इतक्यांदा ऐकली होती की लहानपणी ती स्वतः पाहिल्यासारखी आठवत असे. पुढे प्राणिशास्त्राच्या वर्गात धामणीची कवटी हातात आली, तेव्हा प्रश्नच बदलला. धामण दूध पिते की नाही हा वाद बाजूला ठेवू. तिला ते पिता येईल असे तोंड तरी आहे का?

दूध ओढून घ्यायचे तर सडाभोवती तोंड हवाबंद बसावे लागते. त्यासाठी मऊ, स्नायूंनी भरलेले ओठ लागतात, आत ओढले जाणारे गाल लागतात आणि टाळूवर दाबता येईल अशी जाड जीभ लागते. वासराकडे आणि तान्ह्या बाळाकडे हे तिन्ही आहे. धामणीच्या जबड्याच्या कडेला खवल्यांची एक रांग असते, तिला आपण सोयीसाठी ओठ म्हणतो, पण त्या रांगेत तिला स्वतंत्रपणे हलवणारा स्नायू नाही. गाल नाहीत. जीभ दोऱ्यासारखी बारीक, टोकाला दुभंगलेली. शिवाय वरच्या आणि खालच्या जबड्यांत मागे वळलेले, सुईसारखे टोकदार दात, जे एकदा रुतले की भक्ष्य पुढे ओढून सुटत नाही. असे दात सडाला लागल्यावर गाय शांतपणे उभी राहील, हे ज्याने गाय सांभाळली आहे त्याने तरी मानू नये. दूध कमी झाले असेल तर आधी कास तपासावी. कासदाह आहे का, हे पाहिल्याशिवाय सापाचे नाव घेऊ नये. पायांवरचे वळ बहुधा दाव्याचे असतात.

ओठ आणि गाल हलवणारे स्नायू ही सस्तन प्राण्यांची खासियत आहे. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी सातव्या क्रमांकाचा तंतू या स्नायूंना चालवतो, म्हणून त्याला चेहऱ्याचा तंतू म्हणतात. आपल्याकडे एखाद्याचे तोंड अचानक वाकडे होते तेव्हा बहुतेक वेळा हाच तंतू दुखावलेला असतो. पक्षी, साप, सरडे, बेडूक यांनाही सातवा तंतू आहे, परंतु त्यांच्यात तो चेहऱ्याच्या कातडीत पसरत नाही. तो मुख्यतः जबडा उघडणाऱ्या स्नायूकडे आणि मानेच्या कातडीखालच्या स्नायूंकडे जातो. त्यामुळे या प्राण्यांना कपाळाला आठ्या घालता येत नाहीत, नाक मुरडता येत नाही, हसता येत नाही. घुबड रागीट दिसते, बेडूक खुळचट दिसतो, मगर कुत्सित हसताना दिसते, हे सगळे हाडांच्या आणि कातडीच्या आकाराने आपल्याला दाखवलेले चित्र आहे. मुखवट्यावर रंगवलेल्या भावासारखे ते कायम तसेच राहते. नाग डूक धरतो असे आपण म्हणतो, त्यातला अर्धा वाटा त्याच्या न मिटणाऱ्या डोळ्यांचा असावा असे मला वाटते.

आता याची दुसरी बाजू. आपल्या चेहऱ्यावरची कातडी हलते, पण वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला आहे. तोंड उघडताना आपण फक्त खालचा जबडा हलवतो. या प्राण्यांपैकी कित्येकांत कातडी गप्प असते आणि हाडे हलतात. सापात हे सर्वांत ठळक दिसते. त्याच्या खालच्या जबड्याचे डावे आणि उजवे अर्ध हनुवटीपाशी हाडाने सांधलेले नसतात, ताणल्या जाणाऱ्या ऊतीने जोडलेले असतात, म्हणून ते एकमेकांपासून दूर सरकू शकतात. जबडा आणि कवटी यांच्यामध्ये क्वाड्रेट नावाचे एक लांबट हाड असते, तेही बिजागरीसारखे फिरते. वरच्या जबड्याची दात असलेली हाडेसुद्धा डावी पुढे, मग उजवी पुढे, अशी आळीपाळीने सरकतात, आणि साप भक्ष्य गिळतो म्हणण्यापेक्षा भक्ष्यावर स्वतःचे डोके पावलापावलाने चढवतो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. एवढा मोठा उंदीर घशात असताना श्वास कसा चालतो? श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या जरा वर, तोंडाच्या तळाशी असते आणि गिळताना ते नळीसारखे पुढे, दातांच्या बाहेरपर्यंत काढता येते.

क्वाड्रेट हे हाड लक्षात ठेवावे, कारण पक्षी, सरडे, साप, मगरी या सर्वांत खालचा जबडा याच हाडावर टेकलेला असतो, आणि आपल्या कवटीत मात्र ते जबड्यापाशी शोधून सापडत नाही. १८३७ साली रायखर्ट या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने गर्भावस्थेतील जबड्यांचा अभ्यास करून त्याचा ठावठिकाणा सांगितला: सस्तन प्राण्यांत ते आकसून मध्यकर्णात गेले आहे. आपल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे असतात. त्यांतील ऐरण म्हणजे सरड्याचे क्वाड्रेट, आणि हातोडी म्हणजे त्याच्या खालच्या जबड्याचे सर्वांत मागचे हाड. पक्षी, सरडा आणि बेडूक यांच्या कानात यांपैकी एकच हाड काम करते, आपल्या रिकिबीच्या जागचे. सापाला बाहेरून कानाचे भोक नाही आणि पडदाही नाही, पण हे एक हाड त्यालाही आहे, आणि ते क्वाड्रेटला टेकलेले असते. जमिनीची थरथर जबड्यातून या हाडाकडे आणि तिथून आतल्या कानात पोहोचते. हवेतून येणारे खालच्या पट्टीतील आवाजही सापाला काही प्रमाणात कळतात. साप ठार बहिरा असतो असे जे सांगितले जाते, ते पूर्ण खरे नाही. गारुड्याच्या पुंगीपुढे नाग डोलतो तो मात्र समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून.

सापाचा चेहरा जवळून पाहायचा असेल तर जिवंत साप धरण्याची काही गरज नाही. कडब्याची गंज उपसताना सापडणारी कात हे उत्तम साधन आहे. साप कात टाकताना ती ओठांच्या कडेपासून सोडवतो आणि मोजा उलटा काढावा तशी मागे उलटवत जातो, म्हणून सापडलेली कात आतली बाजू बाहेर अशी असते. मागच्या वर्षी अशीच एक अखंड कात हाती आली. पाण्यात भिजवून, सरळ करून, डोक्याचा भाग काचेवर पसरला तेव्हा डोळ्यांच्या जागी दोन गोल, काचेसारख्या पारदर्शक टोप्या दिसल्या. सापाला पापण्या नसतात, असे आपण म्हणतो. गर्भात वाढताना त्या एकमेकींना जुळतात आणि त्यांचेच हे स्वच्छ भिंग बनते. कात टाकण्याच्या आधी काही दिवस या भिंगाखाली द्रव साठतो, डोळा दुधी निळसर होतो आणि सापाला नीट दिसत नाही. कात निघाली की जुने भिंग तिच्याबरोबर जाते.

त्याच कातेवर, डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या जागेत, एक छोटा खवला स्पष्ट दिसत होता. त्याला लोरिअल खवला म्हणतात. धामण आणि कवड्या यांच्यात तो असतो. नाग आणि मण्यार यांच्यात तो नसतो, नाकपुडीचा खवला थेट डोळ्यापुढच्या खवल्याला भिडतो. कवड्या बिनविषारी, मण्यार अत्यंत विषारी, आणि दोघेही रात्री फिरणारे, अंगावर पांढरट पट्टे असलेले. त्यामुळे आपल्याकडे या दोघांची गल्लत नेहमी होते. ही खूण अभ्यासाची आहे, चाचणीची नाही. काही बिनविषारी सापांतही हा खवला नसतो, घोणस आणि फुरसे यांच्या डोक्यावर तर मोठ्या खवल्यांऐवजी बारीक बारीक खवलेच असतात, आणि मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेसुद्धा काही काळ चावू शकते. साप चावल्यास त्याचे खवले पाहत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा.

जिभेबद्दल एवढेच सांगतो की ती चव घेण्याचे किंवा डसण्याचे साधन नाही. वरच्या ओठाच्या मधोमध एक खाच असते, तिच्यातून तोंड मिटलेले असतानाही जीभ बाहेर येते, हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण घेते आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचवते. घोरपडीचीही जीभ अशीच दुभंगलेली आणि तिचेही काम हेच.

सरड्याकडे आणि पालीकडे एकदा लागोपाठ पाहावे. कुंपणावरच्या सरड्याला खवल्यांच्या पापण्या आहेत आणि तो डोळे मिटतो. भिंतीवरच्या पालीला हलणाऱ्या पापण्या नाहीत, तिच्या डोळ्यावर सापासारखेच भिंग आहे, आणि त्यावर धूळ बसली की ती जिभेने चाटून पुसते. दोघांनाही कान आहेत. पालीच्या डोक्याच्या एका बाजूच्या कर्णपटलावर उजेड पडला तर दुसऱ्या बाजूने तो दिसू शकतो, कारण दोन्ही मध्यकर्ण तोंडाच्या पोकळीत उघडतात आणि मध्ये आडवे येणारे फारसे काही नसते. विणीच्या काळात नर सरड्याचे डोके आणि गळा लालभडक होतो, त्यावरून तो रक्त पितो असा ग्रह पोरांनी करून घेतलेला असतो आणि बिचाऱ्याला दगड खावे लागतात. तो रंग कातडीतील रंगपेशींचा आहे. माळरानावरच्या एका जातीचा नर गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडतो. तो पंखा जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाचा लांब काटा पुढे ढकलून उघडला जातो. या सरड्यांपैकी काही जातींसाठी २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी एक नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली आणि तिचे शास्त्रीय नाव ठेवले ‘सारडा’, आपल्या सरडा या शब्दावरून. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण शब्दाची धाव बरीच पुढे गेली.

मगर आणि कासव यांच्याविषयी थोडक्यात. मगरीचे डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला एका रेषेत असतात; बाकी देह पाण्याखाली ठेवून तिला पाहता, ऐकता आणि श्वास घेता येतो, आणि बुडी मारताना कानाची झडप आणि नाकपुड्या दोन्ही बंद होतात. तिच्या जबड्यांवर जे बारीक काळे ठिपके दिसतात ते स्पर्शाची इंद्रिये आहेत, आणि पाण्यात उठलेला बारीकसा तरंगही त्यांना कळतो. कासवाला दात नाहीत. त्याच्या जबड्यांवर पक्ष्यांप्रमाणे चोचीचे कठीण आवरण असते. गोदावरीत सापडणाऱ्या मऊ पाठीच्या कासवाच्या नाकाची तर छोटी सोंडच झालेली असते, आणि तेवढीच पाण्याबाहेर काढून ते श्वास घेते.

पक्ष्यांकडे वळताना आपल्या अंगणातल्या कोंबडीइतका सोयीचा नमुना दुसरा नाही. तिची चोच म्हणजे पुढे आलेली जबड्याची हाडे आणि त्यांवर केराटिनचे आवरण. केराटिन म्हणजे आपली नखे ज्याची बनतात तोच पदार्थ. हे आवरण आयुष्यभर वाढत राहते आणि टिपण्या-उकरण्यात झिजत राहते, म्हणून पिंजऱ्यात कोंडलेल्या पोपटाची चोच वेडीवाकडी वाढू शकते. आवरण निर्जीव असले तरी त्याच्या आतले टोक मज्जातंतूंनी भरलेले असते. चिखलात चोच खुपसून किडे शोधणाऱ्या पाणलाव्याला न पाहता भक्ष्य कळते ते यामुळे, आणि कोंबड्यांच्या चोची छाटताना त्यांना वेदना होतात त्याही यामुळे.

कोंबडी जांभई दिल्यासारखे तोंड उघडते तेव्हा बाजूने नीट पाहावे. खालची चोच खाली जाते हे दिसतेच, पण वरची चोचही किंचित वर उचलली जाते. क्वाड्रेट पुढे झुकते, गालाच्या बाजूची काडीसारखी हाडे पुढे ढकलली जातात, आणि चोचीच्या मुळाशी असलेले पातळ, लवचीक हाड वाकते. पोपटात याच जागी खरीखुरी बिजागरी आहे, आणि वरची चोच कवटीपासून वेगळी हलवत तो फांदीवर चढताना तिचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करतो. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी तर डोके उलटे करून खातात. मान खाली घातल्यावर त्यांची वरची चोच तळाशी येते. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून ते पाणी आत घेतात आणि चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यांतून गाळून बाहेर टाकतात. दूरवर दिसणाऱ्या गुलाबी ठिपक्यांपेक्षा, दुर्बिणीतून दिसणारी ही वाकडी चोच मला नेहमीच अधिक पाहण्याजोगी वाटली आहे.

कोंबडीचा तुरा आणि हनुवटीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पक्ष्यांना घाम येत नाही. बीड-लातूरकडच्या उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचे काम धापा टाकण्याबरोबर या उघड्या कातडीनेही होते. पिसे नसलेली हीच कातडी डासांनाही सापडते, त्यामुळे कोंबड्यांच्या देवी रोगातील फोड आधी तुरा, पापण्या आणि चोचीचे कोपरे यांवर दिसतात. आणखी एक गोष्ट पाळणाऱ्यांना ठाऊक असते पण तिचे कारण सहसा सांगितले जात नाही: कोंबडीला सर्दी झाली की डोळ्याखालचा भाग टम्म फुगतो. आपल्या सायनसना चारी बाजूंनी हाडाची भिंत असते. कोंबडीच्या डोळ्याखालच्या सायनसला बाहेरच्या बाजूने हाडच नाही, नुसती कातडी आहे. आत साचलेला स्राव ती सरळ बाहेर फुगवतो.

संध्याकाळी खुराड्यात बसलेली कोंबडी डोळे कसे मिटते हे कधी पाहिले आहे का? आपली वरची पापणी खाली येते. तिची खालची पापणी वर चढते, पडदा खालून ओढावा तशी. जागेपणी डोळ्यावर एक अर्धपारदर्शक पटल चोचीच्या बाजूने मागे झरकन फिरून जाते. त्याला निमेषक पटल म्हणतात; धूळ पुसणे आणि डोळा ओला ठेवणे हे त्याचे काम. आपल्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात जी छोटी गुलाबी घडी असते ती या पटलाचीच उरलेली खूण आहे.

गव्हाणी घुबडाचा बदामी आकाराचा पांढरा चेहरा म्हणजे पिसांची बनलेली ताटली आहे. ती आवाज गोळा करून पिसांआड लपलेल्या कानांकडे नेते. दोन कानांची भोके एका पातळीवर नसतात, डावे किंचित वर असते, त्यामुळे उंदराची खसखस वरून आली की खालून, हे दोन्ही कानांत पोहोचलेल्या आवाजाच्या फरकावरून त्याला गडद अंधारातही कळते. डोळे एवढे मोठे आणि हाडाच्या कड्यात एवढे घट्ट बसलेले की ते खोबणीत जवळजवळ फिरत नाहीत. म्हणून मान फिरते, आणि मानेत आपल्या ७ मणक्यांच्या जागी १४ मणके असल्याने ती सुमारे २७० अंशांपर्यंत फिरते. अपशकुनाची चर्चा करणाऱ्यांनी या मानेचा धसका घेतला असेल तर नवल नाही.

बेडूक शेवटी घेतला, कारण त्याच्या चेहऱ्यात मला सर्वांत अधिक गंमत वाटते. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की शेतातल्या डबक्यांत मोठे बेडूक डरांव डरांव करू लागतात; नर हळदीसारखे पिवळे होतात आणि त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. तोंड आणि नाकपुड्या मिटून फुप्फुसातली हवा तोंडात आणि पिशव्यांत खेळवायची, असा तो आवाज आहे. डोळ्यामागची गोल चकती म्हणजे कर्णपटल, सरळ कातडीच्या पातळीवर. तिथेच भेक, म्हणजे खरबरीत अंगाचा बेडूक, असेल तर डोळ्यामागे एक लांबट फुगवटाही दिसतो. ती विषग्रंथी आहे. बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नाही, म्हणून छाती फुगवून श्वास घेणे त्याला जमत नाही. तो तोंडाचा तळ खाली करतो, नाकपुडीतून हवा आत येते. मग नाकपुडी मिटून तळ वर दाबतो आणि हवा फुप्फुसात ढकलली जाते. त्याच्या गळ्याची सतत चालणारी धडधड ती तोंडाच्या तळाच्या हालचालीची.

पावसाळ्यात दिव्याखाली जमलेले किडे खायला आलेला बेडूक ओट्यावरून पाहायला मिळतो. त्याची जीभ मागच्या बाजूला नव्हे, खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकाशी जोडलेली असते आणि झाकण उलटावे तशी बाहेर पडते. किडा आत गेला की बेडूक डोळे मिटतो, आणि मोठाले डोळे डोक्यात खाली बुडतात. डोळ्याची खोबण आणि तोंडाची पोकळी यांच्यामध्ये हाड नाही, केवळ पडदा आणि स्नायू आहेत; ते डोळे आत ओढतात, बुबुळांचे गोळे टाळूतून खाली येतात आणि घास घशाकडे ढकलतात. दोन-तीनदा बुडाले की घास गेला. चावण्याचा प्रश्नच नाही: वरच्या जबड्यात बारीक दात असतात ते धरण्यापुरते, खालच्या जबड्यात बहुधा तेही नसतात, आणि भेकाला तर एकही नाही.

याच बेडकाचे पिल्लू जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर पाहावे. पाण्याखालच्या दगडावरचे शेवाळ खरडत ते सरकत असते. त्याला चोच असते, केराटिनची, काळी. तिच्याभोवती बारीक करवतींसारख्या रांगा, आणि त्या सगळ्याला वेढणारी मऊ, मांसल, झालरीसारखी कड, जिने ते दगडाला चिकटून राहते. ओठ म्हणावे असे काही असेल तर ते हे. पाय फुटून शेपटी आखडू लागली की चोच गळते, करवती गळतात, झालर विरून जाते, तोंडाचे कोपरे डोळ्यांच्याही मागे सरकतात, आणि पायरीवर चढून बसलेला नखाएवढा बेडूक आपले रुंद, ओठ नसलेले तोंड मिटून गळा धडधडवत राहतो.